शब्दचर्चा : जनुकीय की आनुवंशिक? परदेशी की परकीय?

प्रश्न : घरबसल्या डीएनए चाचणी करणाऱ्यांची माहिती परक्या सरकारांच्या हाती पडू नये, यासाठी अमेरिकेत झालेल्या कायद्यांवर लिहिते आहे. 'जनुकीय माहिती' म्हणू की 'आनुवंशिक'? आणि ते देश 'परदेशी', 'परकीय' की 'शत्रुराष्ट्रं'?

प्रतिसाद : 'जनुकीय'च. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून आलेलं. कर्करोगाच्या गाठीतले बहुतेक बदल जनुकीय असतात, आनुवंशिक नसतात. तरीही 'आनुवंशिक' शब्द लेखात यायला हवा, कारण चाचणीसाठी लाळ एकानं पाठवली तरी उघडी पडतात भावंडं, मुलं, चुलत नातेवाईक. त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. कॅलिफोर्नियातला वर्षानुवर्षं न सापडलेला खुनी 2018मध्ये सापडला तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून. पोलिसांना जे जमलं ते हेरखात्यालाही जमेल. पेंटॅगॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, 2019मध्ये सैनिकांना अशा चाचण्या टाळायला सांगितलं होतं.

'शत्रुराष्ट्र' नको, त्यात युद्ध पुकारल्याची छटा आहे. 'परदेशी' फार सैल. अशी माहिती परक्यांना देण्यावर बंदी घालणारा 2024चा अमेरिकी कायदा चारच देशांचा विचार करतो : चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया. शिवाय तिथल्या मंडळींचा कंपनीत 20 टक्के हिस्सा असला, तरी कंपनी त्यांच्या ताब्यातली धरली जाते, मग तिची नोंदणी अमेरिकेतली का असेना. 'परकीय अंमल', 'परकीय सत्ता' यांमुळे 'परकीय'मध्ये ताब्याचा अर्थ आधीच मुरलेला आहे. मी 'प्रतिकूल परकीय सत्ता' लिहीन. 'परकीय विरोधी देश' मात्र टाळा, परकीयांना विरोध करणारा देश असा उलटा अर्थ निघतो.

प्रश्न : 'डेटा विकण्यास बंदी' चालेल?

प्रतिसाद : नाही. विकण्याबरोबर भाड्यानं देणं, परवाना देणं, नुसतं पाहू देणं, सगळंच त्यात येतं. 'हाती देण्यास बंदी' म्हणा.

आणि बंदी कोणावर, हे नक्की लिहा. हा कायदा डेटा-दलालांना लागू आहे, म्हणजे ज्यांनी माहिती त्या माणसाकडून थेट घेतलेली नाही त्यांना. ग्राहकाकडून स्वतः लाळ मागवणारी कंपनी या व्याख्येत बसत नाही! मार्च 2025मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी ही अशीच घरबसल्या चाचणी करणारी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्याकडे सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती होती. ती कोण विकत घेणार, ही धास्ती अगदी रास्त होती.

ही फट बरीचशी बुजवली ती अमेरिकेच्या न्याय खात्याच्या नियमानं. तो 8 एप्रिल 2025पासून लागू आहे, त्यात क्युबा आणि व्हेनेझुएलाही आहेत, आणि 100पेक्षा जास्त अमेरिकी व्यक्तींचा जीनोम (डीएनएचा आराखडा) असला की हा नियम लागू होतो. नावं काढून टाकली तरी सुटका नाही. त्यामुळे 'निनावी' हा शब्द 'सुरक्षित' या अर्थानं वापरू नका. जीनोमवरून माणूस ओळखता येतो.

फक्त याला 'कायदा' म्हणू नका, हा 'नियम' आहे. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, मंजूर केलेला कायदा बदलायला पुन्हा काँग्रेसच लागते, नियम मात्र पुढचं प्रशासन मागे घेऊ शकतं.