नववीच्या पोरांना लडाख दाखवायचं की पेठ?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. मुलगा यंदा नववीत जाईल. त्याच्या वर्गातल्या अकरा मुलांच्या आईबापांनी मिळून मे महिन्यात लडाखला दहा दिवसांची अभ्यास सहल ठरवली आहे. शाळेचा संबंध नाही, आमची आम्हीच. पँगाँग, खार्दुंग ला, बाइकवरचे फोटो यातलं काही नाही. लेहला दोन दिवस आराम, मग लेहच्या पश्चिमेकडच्या शाम भागातल्या एका गावात सहा दिवस लोकांच्या घरी राहायचं, ते खातात ते खायचं, शेतात हात लावायचा. शेवटी फे गावातलं सेकमॉलचं आवार पाहायचं. सेकमॉल ही १९८८ साली लडाखी विद्यार्थ्यांनी उभी केलेली संस्था, सोनम वांगचुक त्यातले एक. जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडे काचा एवढ्यावर तिथल्या खोल्या हिवाळ्यात ऊब धरतात.

माणशी खर्च ५२ हजार. काल ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं, "शाश्वत जीवन शिकायला विमानाने जाणार का?" आणि तिथून जी जुंपली ती रात्री साडेबारापर्यंत.

माझं म्हणणं साधं आहे. आमच्या सोसायटीत टाकी भरून वाहायला लागली की वॉचमन खालून ओरडतो, मग कोणीतरी मोटर बंद करतं. पोराला पाण्याबद्दल एवढंच ठाऊक. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. इगतपुरीत जुलैतल्या एखाद्या दिवशी एवढा पडून जातो. तरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या सातू, वाटाणा, जर्दाळू पिकतोय. पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि हिमनदीचं भरपूर पाणी यायला जून उजाडतो, ही तिथली खरी अडचण. मधल्या दीड-दोन महिन्यांसाठी छेवांग नोरफेल या इंजिनिअरने हिवाळ्यात वाया जाणारं पाणी ओढ्यात अडवून गोठवायला सुरुवात केली (२०१५ची पद्मश्री). पुढे वांगचुकांनी त्याचा बर्फाचा स्तूप केला. वरून नळ आणायचा, उंचीतल्या फरकाने कारंजं आपोआप उडतं, पंप नाही. कडाक्याच्या थंडीत ते पाणी पडता पडता गोठतं. शंकूसारखा आकार, म्हणून ऊन लागायला जागा कमी आणि वितळायला वेळ जास्त. आम्ही मेमध्ये जाणार ते म्हणूनच.

मत सांगा. शिव्याही चालतील.

पेठचा मास्तर

शिव्या नाही देत, हिशेब मांडतो. मी पेठ तालुक्यात शाळेवर आहे. नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आमच्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे तुमच्या लेहच्या वीसपट. आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. वाटीने. ही म्हण नाही, बायका विहिरीत उतरतात, झऱ्याला वाटी लावून बसतात, हंडा भरायला अर्धा तास जातो. टँकर येतो तोही विहिरीत ओततात आणि मग सगळ्यांचे पोहरे एकदम पडतात. पहिल्या पाच मिनिटांत जे वर येतं ते पाणी, नंतर चिखल.

सगळा पाऊस काळ्या खडकावरून घसरून दमणगंगा, नार, पार धरून पश्चिमेला समुद्रात जातो. कमी पावसात लोक कसे जगतात हे बघायला तुम्ही दोन हजार किलोमीटर जाणार, आणि वीसपट पावसात लोक तहानलेले का राहतात हे तासाभराच्या अंतरावर असून बघणार नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. ५२ गुणिले ११ किती होतात तेही बघा. तेवढ्यात आमच्या पाड्यावरच्या झऱ्याला चांगली टाकी बांधून होईल.

डोंगळा

मास्तरांना अनुमोदन, पण कारण वेगळं. मी तीनदा लडाखला गेलोय. शेवटच्या वेळी एका टूरवाल्याबरोबर, नाशिकचाच ग्रुप, 'गावातलं साधं जीवन' असं नाव होतं सहलीला.

तिथल्या जुन्या घरात संडास वरच्या मजल्यावर असतो. मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात माती आणि चुलीची राख, त्यात एक फावडं. काम झालं की दोन फावडी माती ढकलायची. खाली बंद खोली असते, तिथे वर्षभर ते कुजतं आणि वसंतात शेतात जातं. पाणी अजिबात लागत नाही. वासही फार येत नाही, विश्वास ठेवा. पण एकच अट, आत पाणी ओतायचं नाही.

आम्ही सोळाजण. पाण्याशिवाय आपल्याला कसंतरी वाटतं ना. दोन दिवस प्रत्येकाने बादलीभर नेलं आणि ओतलं. टूरवाल्याने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूला गेलो तर घरातल्या आमा-ले (आईला तसं म्हणतात) खालच्या खोलीचं दार उघडून तो सगळा राडा टोपलीने उपसत होत्या, त्यावर कोरडी माती टाकत होत्या. सत्तरीच्या असतील. मी मदतीला वाकलो तर हाताने 'नको' केलं. नंतर तोच खारा चहा, तेच "जुले" (त्यांचा नमस्कार). सोळांपैकी किती जणांना हे कळलं? मला आणि अजून एकाला.

शिकायला गेलो होतो म्हणे.

लेहला तीन वर्षं

नवऱ्याच्या नोकरीमुळे लेहला तीन हिवाळे काढले, म्हणून लिहिते. डोंगळा म्हणतात ते नवीन नाही. २०११च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार आणि २०२२ साली एका वर्षात पर्यटक पाच लाखांच्या वर. ते सगळे चार-पाच महिन्यांत येतात. प्रत्येकाला रोज अंघोळ, फ्लश, धुतलेल्या चादरी. पूर्वी लेहचं पाणी झऱ्यांचं आणि ओढ्यांचं होतं, आता गेस्ट हाउसमागे बोअर. आमच्या गल्लीत जानेवारीत नळ गोठायचे, टँकरवाला यायचा, आम्ही बायका कॅन घेऊन घसरत घसरत रांगेत. एका कॅनमध्ये दोघांचा दिवस काढायला मी तिथेच शिकले, पण ते कोणी शिकवलं नाही. दुसरा पर्यायच नव्हता.

तरी 'जाऊच नका' असं मी म्हणणार नाही. गावात राहिलात तर पैसा थेट त्या घरात जातो. हेमिसच्या बाजूला हिमबिबट्याने बकऱ्या मारल्या की लोक त्यालाच मारायचे, आता ज्या घरांत पाहुणे उतरतात तिथे जिवंत बिबट्या परवडतो. अकरा मुलं मात्र एका घरात कोंबू नका. तीन-तीन करून चार घरांत वाटा. आणि मॅगीची पाकिटं नेऊ नका हो. खंबीर म्हणजे तिथली जाड भाकरी, सोबत ताक, जर्दाळू. उत्तम असतं.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून चार ओळी, तत्त्वज्ञान तुमचं चालू द्या. नाशिक साधारण ६०० मीटरवर, लेह ३५००. तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. विमानाने गेलात तर शरीराला हे सकाळी अचानक कळतं. डोकेदुखी, उलटी, झोप नाही, आणि चौदा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर 'मला त्रास होतोय' असं सांगत नाही. ही खरी भीती आहे. धाप बसल्या जागी लागली, तोल जायला लागला, तर वाट न बघता खाली उतरवायचं. गोळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून घेऊ नका.

श्रीनगरकडून रस्त्याने गेलात तर एक फायदा कोणी लक्षात घेत नाही. श्रीनगर १६००च्या आसपास, कारगिल २७००, आणि तुमचा शाम भाग लेहच्या आधीच लागतो. सासपोल, अल्ची ३१००च्या आसपास आहेत. म्हणजे लेहला पोचेपर्यंत मुलं आठवडाभर उंचीवर झोपलेली असतील.

गंगापूररोडकर

डॉक्टर, धन्यवाद. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. डोंगळा, तुमचा किस्सा मुलांना वाचून दाखवणार.

मास्तर, तुमचा हिशेब मान्य. पण एक विचारतो, रागावू नका. मागच्या वर्षी सोसायटीतली मुलं दिवाळीला फराळ वाटायला तुमच्याच बाजूच्या पाड्यावर नेली होती. परतताना माझा मुलगा गाडीत म्हणाला, "बिचारे." त्याला दया आली. आदर वाटला नाही. तिथे तो देणारा होता, त्याच्या हातात चिवड्याची पिशवी होती. लडाखमध्ये तो जिना चढून धापा टाकेल, संडासात काय करायचं ते त्याला कळणार नाही आणि समोरचा बारा वर्षांचा मुलगा त्याला शिकवेल. मला त्याला एकदा तरी अडाणी झालेलं बघायचंय.

पेठचा मास्तर

म्हणजे दोष आमच्या पाड्याचा नाही, तुमच्या चिवड्याचा आहे.

फराळ वाटायला आलात, तासाभराने गेलात, मग दुसरं काय येणार? रिकाम्या हाताने या आणि मुक्काम करा. सात माणसांच्या घरात चार हंड्यांत दिवस कसा निघतो ते बघा. भांडी राखेने घासून एकाच पाण्यात दोनदा फिरवतात, ते पाणी परसातल्या वेलाला. तुमच्या पोराला डोक्यावर एक हंडा देऊन अर्धा किलोमीटर चढ चढायला लावा, प्राणवायू पूर्ण असला तरी धाप लागते. नागलीचं रोप कसं लावतात, वरईला कुठली जमीन लागते, यातलं तुम्हाला तरी किती माहीत आहे? अडाणी व्हायला विमान लागत नाही साहेब.

बागलाणी

सटाण्याकडचा शेतकरी. दोन्ही बाजूंनी पाण्याचं चाललंय म्हणून मधे तोंड घालतो.

लडाखात गावाचा छुरपोन असतो असं वाचलंय. पाणी वाटणारा माणूस, गाव नेमतं. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी, ते तो सांगणार आणि सगळे ऐकणार. भाऊ, आमच्या मोसम आणि आरम नदीवर, तिकडे धुळ्याच्या पांझरेवर, हेच तीनशेक वर्षं चालत आलं. फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, ठरवणार गाव. प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत, म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड सोडावा लागला तरी एकट्याचं नुकसान नाही. पाणी द्यायला पाटकरी. माझ्या आज्याच्या शेतात पाणी कधी येणार ते आज्याला विचारायचं नाही, पाटकऱ्याला विचारायचं. स्वतःच्या हाताने पाटाचं दार मोडलं तर दंड.

आता काय? वर हरणबारी, केळझर धरणं झाली, विहिरी झाल्या, बोअर झाले. डाळिंब आलं, ठिबक आलं. ठिबक चांगलंच आहे, मीही लावलंय. पण ज्याच्या त्याच्या बोअरचं बटण ज्याच्या त्याच्या हातात, मग पाटकऱ्याला कोण विचारतो? फड कुठे कुठे अजून आहेत, बरेचसे नावापुरते. माझ्या बोअरला गेल्या उन्हाळ्यात पाणी गेलं तेव्हा शेजाऱ्याच्याही गेलं, आणि दोघांनीही अजून खोल मारायचं ठरवलं. हे मी चुकीचं करतोय हे मला कळतं बरं का.

लेहवाल्या ताईंनी गेस्ट हाउसमागच्या बोअरचं लिहिलं तेव्हा मला आमचीच नदी दिसली. म्हणून माझं मत, पोरांना लडाखला न्या. आणि तिथे स्तूप थोडा कमी बघा, छुरपोनबरोबर एक दिवस फिरवा. बर्फ साठवायची युक्ती आपल्याकडे चालणार नाही. पाण्यावरून भांडण न होऊ द्यायची युक्ती चालेल.

डोंगळा

बागलाणी भाऊ, हे बेस्ट. पण मास्तर आणि तुम्ही मिळून तर सहल जिल्ह्यातच संपवलीत की.

सातपूरची आई

सगळं वाचलं. माझा मुलगा त्याच वर्गात आहे. त्या अकरांत नाही. घरी आला, म्हणाला, "लडाखला जाणारे आणि न जाणारे असे दोन बेंच झालेत." मी कंपनीत पॅकिंगला आहे, ५२ हजार म्हणजे माझे साडेतीन पगार. तुम्ही न्या तुमच्या मुलांना, माझी हरकत नाही. फक्त परत आल्यावर वर्गात उभं करून 'अनुभव' सांगायला लावू नका.

गंगापूररोडकर

ताई, बेंचचं मला माहीतच नव्हतं. खरंच. यावर पटकन काही लिहिलं तर ते खोटं वाटेल, म्हणून लिहीत नाही.

आज संध्याकाळी बसलो होतो. विमान रद्द. मनमाडहून झेलमने जम्मूपर्यंत, कटऱ्याहून आता रेल्वे थेट श्रीनगरला जाते, तिथून कारगिल, मग शाम. दहाचे पंधरा दिवस झाले. लगेच तिघा बाबांनी रजा नाही म्हणून अंग काढलं, त्यात परवा विमानावरून बोलणारेही आहेत! उरली आठ मुलं. खर्च थोडा उतरला, फार नाही.

मास्तर, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मुक्कामाला येऊ का? चिवडा आणणार नाही.

पेठचा मास्तर

या. पाण्याचे जार आणू नका, गाडीत लपवूनही नाही. आठांपेक्षा जास्त पोरं नकोत, हंडे तेवढेच आहेत.

सातपूरची आई

पेठला माझा मुलगा येऊ शकतो का? आणि मीही. गाडीभाडं किती लागेल?

पेठचा मास्तर

मग नऊ चालतील, एक हंडा शेजारून मागू. एसटी आहे ताई. तुम्हाला अर्धं तिकीट, त्याला पूर्ण. जेवण माझ्याकडे. नागलीची भाकर खातो का तेवढं विचारून ठेवा.