लकव्यानंतर हातासाठी रोबोट थेरपी: नागपूरला न्यावं का?

पांढरं_सोनं (घाटंजी)
राम राम मंडळी. बाबांना (वय ६८) पोळ्याच्या सुमारास लकवा मारला, उजवी बाजू. पाय बराच आला, काठी घेऊन धुऱ्यापर्यंत जातात. हात मात्र जड. बोटं मिटतात, उघडायला फार वेळ लागतो. नागपूरच्या एका खासगी सेंटरनं बारा आठवड्यांची रोबोट थेरपी सांगितली. आकडा ऐकून घरात बैलजोडी विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. कोणी केली आहे का? फरक पडते का?

उमरेडकर
मामेभावानं केली. हात पट्ट्यानं दांड्याला बांधतात, समोर स्क्रीनवर गेम. आपण जोर लावायचा, उरलेलं मोटर ओढून नेते. त्याला मजा आली, हात मोकळाही झाला. पण जेवतो अजून डाव्याच हातानं.

बोरीचा_भाऊ
आमच्याकडे कबुतराच्या रक्तानं मालीश करतात. करून पाहा.

फिजिओताई_वर्धा
भाऊ, कबुतराला जगू द्या.

पांढरं_सोनं, बैलजोडी विकू नका. रोबोट खोटा नाही, न थकता तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेणं हे त्याचं काम. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आठवड्यातून ३ दिवस, ४५-४५ मिनिटं, १२ आठवडे. नेहमीच्या उपचारापेक्षा हाताची हालचाल थोडी सुधारली, पण वस्तू उचलणं, धरणं, ठेवणं यात ठोस फरक निघाला नाही. तेवढाच वेळ थेरपिस्टनं रोजच्या कामांचा सराव करून घेतला, तोही रोबोटच्या मागे पडला नाही. म्हणजे पैसे मशीनला कशाला?

पहिले काही महिने सगळ्यात मोलाचे, ते वाया घालवू नका. यवतमाळचं सरकारी मेडिकल तुम्हाला जवळ. नाहीतर वर्ध्याजवळची सेवाग्राम किंवा सावंगीची हॉस्पिटलं, सावंगीला तर फिजिओथेरपीचं कॉलेजच आहे. व्यायाम शिकून घ्या आणि रोज घरी करा. बाबांना एसटीचं अर्धं तिकीट लागेल.

घरचं सांगते. सध्या वेचणी चालू असेल. फुटलेली बोंडं ताटात ठेवा आणि उजव्या हातानं कापूस काढायला लावा. अंगठा आणि दोन बोटांची चिमूट, पाकळीतून ओढणं, मग बोटं उघडून टोपल्यात सोडणं. सोडणंच कठीण जाईल, तिथं घाई करू नका. जन्मभर केलेलं काम आहे, कंटाळणार नाहीत. दमले की थांबा, पण दिवसातून चार-पाचदा बसवा.

पांढरं_सोनं (घाटंजी)
ताई, बोंडं आजच आणतो. खांदा दुखते म्हणून शेजारचे काकाजी तेल लावून हात ओढून देतात. चालेल?

फिजिओताई_वर्धा
ओढणं आजच बंद! लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात, ओढलं की सांधा खाली सरकतो. उठवताना हात धरून किंवा काखेत हात घालून उचलू नका, कमरेला आधार द्या. बसले की हाताखाली उशी. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि बीपीची गोळी बरं वाटते म्हणून सोडली नाही ना?

पांढरं_सोनं (घाटंजी)
गोळी सुरू हाये जी. काकाजींना सांगतो, ते रुसतील पण.