विषय: वेधशाळेची सहल: पौर्णिमा नको

नमस्कार मंडळी,
वेधशाळा आणि तारांगणाच्या सहलीसाठी पौर्णिमेचा शनिवार धरतोय, म्हणजे चंद्र पूर्ण बघायला मिळेल. मुलं धरून चाळीस जण, दुर्बीण एकच. कुणाची हरकत?
— कार्यक्रम समिती

---

ताई, माझी आहे! पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, त्यामुळे विवरांना सावल्याच नसतात. दुर्बिणीत दिसते ती डोळे दिपवणारी सपाट थाळी. शुक्ल सप्तमी ते दशमी बघा. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवराची कड लख्ख उजळलेली असते आणि तळ काळाकुट्ट. शिवाय अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला भरपूर वर आलेला असतो, मुलांना जागवावं लागत नाही. (छापील दिनदर्शिकेतली तिथी भारतातल्या सूर्योदयाची असते, आपल्याकडे परदेशात एखादा दिवस मागेपुढे होईल.) तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग), दीर्घिका (दूरचे प्रचंड तारकासमूह, म्हणजे गॅलेक्सी) बघायच्या तर अमावास्येजवळची वेगळी रात्र काढा. आणि फोटोतले रंग दिसणार नाहीत हे आधीच सांगा. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, करडा धूसर डागच दिसतो. त्यावर थेट रोखून न बघता जरा बाजूला बघितलं की तो उठून दिसतो.

माणशी दीड मिनिट धरा: चाळीस जणांना एका गोष्टीसाठीच एक तास. म्हणून वीस-वीसच्या दोन तुकड्या करा, एक तारांगणात तर दुसरी दुर्बिणीशी.

रांग अडते ती बहुतेकदा आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी. मुलं नळी धरतात आणि चंद्र दृश्यातून निसटतो. हात पाठीमागे, डोळा भिंगापासून सेंटिमीटरभर दूर. साधा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं. सिलिंड्रिकल (दृष्टिवैषम्याचा) असेल तर चष्मा राहू द्या.

स्वेटर हवाच. दुर्बिणीच्या घुमटात हीटर लावत नाहीत, कारण गरम हवा फटीतून वर जाताना प्रतिमा थरथरते.

---

तारांगणाचं मी सांगतो. सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला असतील तर मागच्या रांगा धरा, पुढे मान अवघडते. घुमटावरचं दृश्य गरगरायला लागून मळमळलं तर डोळे मिटून घ्यायचे. उशिरा येणाऱ्यांना बहुधा आत घेत नाहीत, दार उघडलं की उजेड शिरतो. ढग आले तरी खेळ होतो, दुर्बिणीचं मात्र रद्द. तेव्हा दुसरी तारीख आत्ताच धरून ठेवा.

---

पौर्णिमा रद्द, नवमीचा शनिवार धरते. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून मोबाइलच्या टॉर्चवर लावायला लाल जिलेटीन कागद कुणाकडे आहे?
— कार्यक्रम समिती