मुळाक्षरे आणि शंभरापर्यंतचे अंक पाठ आहेत, तरीही वाचन आणि मोजणी का जमत नाही?

कोरीपाटी:
माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. मुळाक्षरे ती न अडखळता म्हणते आणि १ ते १०० अंकही म्हणून दाखवते. मात्र 'कमळ' हा शब्द समोर ठेवला की क, म, ळ अशी तिन्ही अक्षरे ओळखून ती तिथेच थांबते. त्यांचा मिळून शब्द होतो हे तिला उमगत नाही. 'आठ बटणे दे' म्हटले तर ती मूठभर उचलून देते, आणि मोजून झाल्यावर 'किती झाली?' असे विचारले तर पुन्हा एकपासून मोजू लागते. ३ आणि ६ लिहिताना दर वेळी गोंधळ होतो. मी रोज अर्धा तास सराव घेते, पण आता ती वही पाहताच तोंड फिरवते आणि त्याचे मला फार वाईट वाटते. माझे नेमके कुठे चुकते आहे?

अक्षरवाट:
मी अनेक वर्षे या वयाच्या मुलांना शिकवते. तुमच्या मुलीला अक्षरांची नावे येतात. त्या अक्षरांमधले ध्वनी कानाने वेगळे करणे आणि जोडणे अजून यायचे आहे, आणि त्यासाठी सुरुवातीला वही लागतच नाही. 'मासा या शब्दाची सुरुवात कशाने होते?', 'कमळमधला क काढला तर काय उरते?' असे खेळ चालता-बोलता खेळावेत.

'कमळ'ची एक विशेष अडचण आहे. सुटे वाचताना आपण 'ळ' पूर्ण अकारासह म्हणतो, बोलताना मात्र शेवटचा अ जवळजवळ गळून पडतो, त्यामुळे क-म-ळ असे ऐकून मुलाला ओळखीचा शब्द सापडत नाही. म्हणून तीच अक्षरे आधी सावकाश आणि मग भरभर म्हणून दाखवावीत. संपूर्ण मुळाक्षरे संपण्याची वाट पाहण्यापेक्षा क, न, म, ल आणि काना एवढेच घेतले तरी नाक, कान, मान, माल, लाल, काका, मामा, कमान असे कितीतरी शब्द तयार होतात, आणि आपण वाचतो आहोत हा अनुभव मुलाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. घ-ध, भ-म, प-ष यांसारखी सारखी दिसणारी अक्षरे एकाच वेळी शिकवू नयेत.

मणीमाळ:
गणिताविषयी लिहितो. रॉचेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली. अंकांचा क्रम कायम ठेवणे हे त्यांतले एक, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण संख्या हे दुसरे. तुमच्या मुलीला पहिले साधले आहे, दुसरे अजून नाही. तेव्हा शंभरापर्यंतचे पाठांतर काही दिवस बाजूला ठेवावे आणि पाच वस्तूंच्या आतच काम करावे: तीन मणी मोजून झाले की ओंजळीने झाकावे आणि 'आत किती आहेत?' असे विचारावे.

सिगलर आणि रमाणी यांचे २००८ मधील संशोधनही उपयोगी पडेल. एका सरळ रेषेत १ ते १० अंक असलेल्या पटावर मुले दोन आठवड्यांत १५ मिनिटांच्या चार बैठका खेळली आणि त्यांची संख्यांची समज स्पष्टपणे सुधारली; अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. पुठ्ठ्याची पट्टी घरीच करता येते. सोंगटी ४ वर असताना दोन घरे पुढे जायचे असेल, तर 'एक, दोन' न म्हणता 'पाच, सहा' म्हणायला लावावे, कारण सगळा लाभ त्यातच आहे. मोठ्या संख्यांची घाई करू नये: 'पंचवीस' बोलताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र २ आधी येतो, आणि 'एकोणतीस' या नावात तर तिसाची चाहूल लागते. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्याशिवाय ही नावे अर्थपूर्ण होत नाहीत.

निळीशाई:
३ आणि ६ हे जवळजवळ एकमेकांचे आरशातले रूप आहेत, त्यामुळे हा गोंधळ स्वाभाविक आहे. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच, हे मूल जन्मापासून शिकत आलेले असते; दिशा बदलली की अर्थ बदलतो हे त्याला प्रथम अक्षरांत आणि अंकांत भेटते. साधारण सातव्या वर्षापर्यंत असे उलटे लेखन सर्रास आढळते. फक्त ३ घ्यावा, हवेत संपूर्ण हात फिरवून आणि वाळूत बोटाने गिरवावा, तो पक्का झाल्यावरच ६ कडे वळावे. अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटे पुरेत. ध्वनींचे खेळ बराच काळ मुळीच जमले नाहीत, तर श्रवणतपासणी अवश्य करून घ्यावी.

कोरीपाटी:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. पंधरा दिवस वही बंद ठेवली. काल 'नाक' आणि 'कान' शेजारी ठेवले, तेव्हा तीच दोन अक्षरे जागा बदलून आली आहेत आणि काना मात्र पहिल्याच अक्षराला आहे, हे तिने स्वतः दाखवले. तीन मणी झाकल्यावर ती आता पुन्हा मोजत नाही. पाच झाले की अजून गडबडते. वेलांटी कधी सुरू करावी?

अक्षरवाट:
काना असलेले अनोळखी शब्द ती वाचू लागली की करावी, आणि दीर्घ वेलांटी आधी घ्यावी. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर, म्हणून तिला थोडा अधिक वेळ द्यावा.