ओतकाम थांबत नाही, म्हणून माणसानेही थांबायचं नाही?

सळईबांध
"आखातातली दुपारची बंदी कॉंक्रीटला लावूच नये, ओतकाम मध्येच थांबवता येत नाही." परवा ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही.

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं. कॉंक्रीट ओतणं, डांबर अंथरणं अशा, तांत्रिक कारणाने थांबवता न येणाऱ्या कामांना सूट आहे. मान्य. पण साडेबाराला ओतकाम चालू आहे म्हणजे ते कधीतरी सुरू केलंय ना? ६०० घनमीटरचा राफ्ट घ्या, म्हणजे इमारतीच्या पायाचा अखंड जाड स्लॅब. एका बूम पंपाने (लांब हाताच्या कॉंक्रीट पंपाने) ताशी ४० घनमीटर पडले तर १५ तास. पहिली गाडी संध्याकाळी ६ ला लावली तर शेवटची सकाळी ९ ला रिकामी, रंधा मारून ११ पर्यंत माणसं सावलीत. तीच गाडी पहाटे ३ ला लावली तर अख्खी दुपार सळईच्या जाळीवर. ही वेळ ऑफिसात बसून ठरवली जाते. मग सूट अडचणीसाठी राहत नाही, ढिसाळ नियोजनाला मिळते.

बॅचिंग_प्लँट
कागदावर १५ तास. साइटवर पंपाची लाइन चोक होते, गाड्या अडकतात, कॉंक्रीट कालवणाऱ्या प्लँटवर मिश्रण थंड करायचा बर्फ संपतो, १५ चे २० होतात. अशा वेळी साडेबाराला हात वर केले तर तीनपर्यंत खालचा थर सेट झालेला असतो. कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना आणि नवा थर एकजीव न झालेला सांधा. तळघराच्या राफ्टमध्ये तिथूनच खारं भूजल शिरतं आणि सळई गंजते. ते नंतर कुणी निस्तरायचं? सूट उगीच दिलेली नाही.

सळईबांध
२० तास लागू शकतात हे माहीत असेल तर २० धरूनच आखणी करा. दुसरा पंप उभा ठेवा, रिटार्डरचा (कॉंक्रीट उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनाचा) डोस आधी ट्रायल मिक्सवर तपासा, आणि वॉटरस्टॉपसह (सांध्यातून पाणी अडवणाऱ्या पट्टीसह) स्टॉप-एंड, म्हणजे ओतकाम थांबवायची आडवी फळी, कुठे लावायचा ते ड्रॉइंगवर आधीच ठरवा. जिथे थांबायची जागा ठरलेली असते तिथे थांबल्याने कोल्ड जॉइंट होत नाही.

ओला_बल्ब
तुम्ही दोघंही रात्र म्हणजे सुटका समजताय. किनाऱ्यावरची ऑगस्टमधली रात्र बघा. ३३ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की ओल्या बल्बचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) ३१ च्या जवळ जातं. डब्ल्यूबीजीटी हा माणसावरचा उष्णतेचा ताण मोजणारा आकडा, म्हणजे ओल्या बल्बचे ०.७, ग्लोबचे (काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचे) ०.२ आणि हवेचे ०.१. ऊन नाही, म्हणून ग्लोबही ३३ धरा. उत्तर साडेएकतीसच्या आसपास येतं. कतारच्या २०२१ च्या नियमात काम थांबवायची मर्यादा ३२.१ आहे, घड्याळात काहीही वाजलेलं असो. शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन बंदी आहेच.

त्या दमट हवेत ताज्या स्लॅबवरून पाणी कमी उडतं, तडे कमी जातात. म्हणून रात्र कॉंक्रीटला मानवते. पण माणसाचा घामही उडत नाही, नुसता ओघळतो, आणि अंग थंड होतच नाही. नीडल (कॉंक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर) धरणारा आणि पंपाच्या होजवरचा, या दोघांना दर अर्ध्या तासाला बदली हवी. आणि नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी कशी देता? पहिल्या दिवशी २० टक्के, मग रोज २० ने वाढवायचं.

गमबूट
सगळे तापमानावरच बोलताय. ओलं कॉंक्रीट पीएच १२ ते १३ असतं. उन्हाळ्यात बुटातला मोजा घामाने आधीच भिजलेला, त्यात वरून ग्राउट (सिमेंटचं पातळ पाणी) शिरलं की जळायला लागतं. वेदना मात्र काही तासांनी कळते, तोवर कातडी गेलेली असते. पँट बुटात खोचू नका, बुटावरून सोडून टेपने बांधा. सुती हातमोजे तर नकोतच. ते ग्राउट शोषून हाताला लावून ठेवतात. नायट्राइलचे (पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम रबराचे), मनगटाच्या वरपर्यंत येणारे द्या.

बॅचिंग_प्लँट
४५ अंशात नायट्राइल? आत घामाचं तळं होतं. दहा मिनिटांत माणूस ते काढून फेकतो, मग उघड्या हातानेच काम.

गमबूट
म्हणून सुती द्यायचे? आत पातळ सुती अस्तर, दर विश्रांतीला जोडी बदला. प्रत्येक पाळीला माणशी तीन जोड्या, एवढाच खर्च आहे. आणि पंपाजवळ स्वच्छ पाण्याची टाकी ठेवा. ग्राउट आत गेलं की बूट लगेच काढून किमान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली. फडक्याने पुसलं की उलट चोळलं जातं. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमियम-६ ला २ पीपीएमची (दशलक्षात २ भाग) मर्यादा आहे, कारण एकदा त्याची अॅलर्जी बसली की ती सहसा जात नाही, गवंड्याला धंदाच सोडावा लागतो. हातमोज्यांवर वाद घालणाऱ्याने असा हात एकदा जवळून बघावा. नखांभोवती भेगा, मूठ वळत नाही.

बॅचिंग_प्लँट
आवाज चढवू नका. हात आम्हीही बघतो.

सळईबांध
मग एकाच गोष्टीचं उत्तर द्या. घनमीटरला ५० किलो बर्फ घातला की मिश्रण साधारण ७ अंशांनी उतरतं, हे तुमच्या प्लँटवर रोज करता. गेटवर प्रत्येक गाडीत थर्मामीटर खुपसता. स्पेसिफिकेशनला ३२ लिहिलं असेल आणि ३३ निघाले तर गाडी परत. जाळीवरच्या माणसांसाठी असा कोणता आकडा आहे, आणि तो ओलांडल्यावर त्यांना परत पाठवायचा अधिकार कुणाला आहे?

बॅचिंग_प्लँट
आकडा नाही. गेटवर थर्मामीटरवाला असतोच, त्याच्या हातात डब्ल्यूबीजीटी मीटरही देता येईल, हे मान्य करतो. राफ्टला सूट मात्र राहिलीच पाहिजे. साध्या स्लॅबला नको, तो दोन पंपांनी रात्रीत होतो.

ओला_बल्ब
मीटर गेटवर ठेवू नका. गेटला वारा असतो. शटरिंगच्या (ओतकामाच्या साच्याच्या) आत, खड्ड्याच्या तळाशी ठेवा, जिथे माणसं उभी असतात.

गमबूट
आणि पाण्याची टाकी सावलीत. उन्हातल्या टाकीच्या पाण्याने भाजलेला पाय धुता येत नाही.