एल्कसाठी कोणती रायफल? .३०० मॅग्नमचा हट्ट मला पटत नाही

करवीरचा_नेमबाज

माझा आतेभाऊ डेन्व्हरला असतो, मूळचा कसबा बावड्याचा. यंदा त्याला कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीचा परवाना मिळालाय. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद, पुरता वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढं जातो. भावानं आजवर कागदाच्या टार्गेटशिवाय कशावर गोळी झाडलेली नाही. तरी तिथल्या मित्रांनी त्याच्या डोक्यात भरवलंय की एल्क म्हटल्यावर .३०० विंचेस्टर मॅग्नम या दांडग्या काडतुसाच्या रायफलीखाली बोलायचंच नाही, आणि वर भारी दुर्बीण चढवली की ५००-६०० यार्डांवरून खुशाल बार टाकावा. मी इथं ५० मीटर रायफल मारतो म्हणून त्यानं मला विचारलं. माझं मत ठाम आहे: ६.५ क्रीडमोर घे, नाहीतर साधी .३०८ घे (दोन्ही मॅग्नमपेक्षा हलक्या काडतुसाच्या रायफली), आणि ३०० यार्डांच्या पुढं घोड्याला बोट लावू नको.

आधी आकडे. ६.५ क्रीडमोरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास सुटते, ताकद साधारण २३०० फूट-पाउंड. .३०० विन मॅगची ३५०० च्या घरात. ५०० यार्डांवर पहिलीची ताकद १३०० च्या आतबाहेर उरते, दुसरीची २००० च्या वर. कागदावर मॅग्नम जिंकली, वाद नाही. एल्कला १५०० फूट-पाउंड लागतात असा शिकारी लोकांचा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबानंही ६.५ साडेतीनशे यार्डांपर्यंत चालते. कोलोरॅडोचा कायदा तर त्याहून कमी मागतो: किमान .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी, इंचात), ८५ ग्रेनची फुलणारी, म्हणजे जनावरात शिरल्यावर पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड.

आता वारा बघा. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर ६.५ ची गोळी जवळजवळ दीड फूट ढकलतो. .३०० ची जड, लांबट गोळी घेतली तर एखाद-दोन इंच कमी. बस्स, एवढाच फरक. एल्कच्या काळीज-फुफ्फुसाची जागा मोठ्या भाकरीएवढी, मध्यापासून कुठंही पाच-सहा इंच. वारा १० चा असताना तुम्ही ५ चा धरलात तर दोन्ही रायफली गोळी आठेक इंच बाजूला टाकणार. जनावर पोटात घाव घेऊन झाडीत जाणार आणि दोन दिवस तडफडून मरणार. शिवाय तेवढं अंतर कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चालतं जनावर तीन फूट सरकतं. यातलं मॅग्नम काय सोडवते?

आणि ती जे बिघडवते ते आम्ही रेंजवर रोज बघतो. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० चा धक्का ६.५ च्या दुप्पट असतो. नवख्या माणसाच्या हातात मोठी रायफल द्या आणि त्याला न सांगता मध्येच एक डमी, बिनदारूचं काडतूस भरा. घोडा 'टक्' वाजतो, बार होत नाही, आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. खांदा आधीच पुढं आलेला असतो, डोळे मिटलेले असतात. बार होतो तेव्हा हेच सगळं धक्क्याखाली झाकलं जातं आणि माणूस म्हणतो, स्कोप हललाय. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते .२२ च्या रायफलीनं. तिला धक्का नावापुरता, तरी बार झाल्यावर नेम क्षणभर तसाच धरून ठेवायला नेमबाजाची वर्षं जातात. मग .३०० घेऊन महिन्याभरात डोंगरात जाणाऱ्यानं काय करावं?

सुभेदार_निवृत्त

जय हिंद. तुमचा धक्क्याचा मुद्दा ऐकला. पटला नाही.

आम्ही रंगरूट असताना हातात ७.६२ ची एसएलआर, म्हणजे फौजेची तेव्हाची रायफल होती. गावाकडची पोरं, कित्येकांनी त्याआधी बंदूक लांबून पण बघितली नव्हती. पहिल्या दिवशी खांदे काळे-निळे. पुढं तीच पोरं ३०० यार्डांवर गोळ्या मुठीत बसवायला लागली. दस्ता खांद्याच्या खोबणीत नीट बसवला, गाल टेकवला, श्वास धरला की धक्का अंगवळणी पडतो. शिकवणारा पाहिजे. पोरगा धक्क्याला भितो म्हणून हत्यार लहान करायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही गृहीत धरलंय की जनावर आडवं उभं राहणार. रानात ते तिरकं उभं असतं, अर्धं झाडाआड असतं. तिरक्या जनावराचं फुफ्फुस गाठायचं तर गोळीला आधी फऱ्याचं हाड फोडावं लागतं, नंतर हातभर मांस. तिथं २०० ग्रेनची गोळी पार होते. १४३ ग्रेनची होईल याची हमी कोण देतंय? नेम चुकला तर दोन्ही रायफली सारख्याच, हे खरं. पण नेम बरोबर असून हाडात गोळी अडली तर? तो दोष मग हत्यार निवडणाऱ्याचा.

करवीरचा_नेमबाज

सुभेदारसाहेब, फौजेत रोजचा सराव, डोक्यावर उस्ताद, आणि काडतुसांचा खर्च सरकारचा. भावाला शनिवार-रविवार मिळतात. मॅग्नमचं काडतूस महाग, दहा-पंधरा बारांत खांदा बोलायला लागतो, आणि माणूस रायफल पिशवीत घालून घरी जातो. ६.५ नं तो त्याच सकाळी चाळीस गोळ्या मारेल. सराव होईल तो तिच्यानंच.

तिरकं उभं असेल तर मारू नये. थांबावं. परवाना मिळाला म्हणजे बार टाकलाच पाहिजे असं कुठं आहे?

गडहिंग्लज_ते_कॅल्गरी

मी कॅनडातल्या अल्बर्टात एल्कच्या मागं फिरतो, त्यामुळं राहवलं नाही. नेमबाजभाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे.

पहिलं म्हणजे तुम्ही दोघंही कॅलिबरवर भांडताय आणि गोळीच्या जातीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. टार्गेटची पातळ कवचाची गोळी फऱ्याच्या हाडावर फुटून चुरा होते, मग ती .३०० ची असली तरी. शिशाला तांब्याचं कवच चिकटवलेली बॉन्डेड गोळी किंवा सबंध तांब्याची गोळी हाडातून जाते. ६.५ मधून अशी गोळी टाकली तर सुभेदारसाहेबांची निम्मी शंका तिथंच मिटते. मात्र गोळी फुलायला वेग लागतो. बऱ्याच गोळ्या सेकंदाला १८०० फुटांच्या खाली नीट फुलत नाहीत, छत्री न उघडता आरपार जातात. अंतराची मर्यादा बघताना फूट-पाउंडांपेक्षा मी हा आकडा आधी बघतो. कोलोरॅडोत नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ, तिथं वेग जास्त टिकतो. त्यामुळं कोल्हापूरच्या हिशेबानं काढलेलं टेबल तिथं लावू नका. झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली स्कोपची मांडणी, पण तिथं जाऊनच तपासायची.

६.५ वाले स्वीडनचा दाखला देतात, तो खरा आहे. ६.५ x ५५ हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, आणि स्वीडिश लोकांनी त्यानं पिढ्यान्‌पिढ्या मूस (हरणाच्याच कुळातलं जनावर) मारलेत. मूस एल्कपेक्षा मोठा. पण ते झाडीत शंभरेक मीटरवर मारतात, हाताशी कुत्रं असतं. शेजारी फिनलंडमध्ये मूसच्या शिकारीला परीक्षा आहे: ७५ मीटरवर २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात चार गोळ्या. अंतर बघा, ७५ मीटर. त्या दाखल्यावर ५०० यार्डांचं समर्थन होत नाही.

तुमचं न पटणारं निम्मं म्हणजे ६.५ च. तिचं भोक लहान, आणि आरपार गेली नाही तर रक्ताचा माग तुटक पडतो. फुफ्फुसातून गोळी गेलेलं एल्क सुद्धा शे-दीडशे यार्ड पळतं आणि दाट पाइनमध्ये आडवं होतं. संध्याकाळी, बर्फ नसताना, तुटक मागावर जनावर शोधणं काय असतं ते मी केलंय. माझी पसंती .३०-०६ ला, १८० ग्रेन. १९०६ सालचं काडतूस, धक्का दोघींच्या मधला, आणि आडगावच्या दुकानात पण मिळतं.

दाजीपूरच्या_वेशीवर

भावांनो, माझं शिक्षण बेताचं, पण गवा रोज बघतोय म्हणून लिहितो.

आमच्या आज्जाच्या टायमाला हाका व्हायचा. ठासणीच्या बंदुका, लई तर बारा बोअर. चाळीस-पन्नास पावलांवर जनावर आलं तरच बार. आज्जा सांगायचा, मारणं सोपं, मागनं जाणं अवघड. जखमी गवा झुडपाआड वळून उभा राहतो, आन्‌ तुम्ही मागावर खाली बघत निघालेला असता. तुमचं हे पाचशे यार्ड म्हणजे आमच्या बांधावरनं पलीकडच्या डोंगराची कड. बार टाकला, जनावर दिसंना झालं. आता मध्ये ओढा, कारवीचं रान, चढ. तिथं पोचायला अर्धा तास. जनावर नेमकं कुठल्या झाडाखाली हुतं हे इकडनं दिसत हुतं तसं तिकडं गेल्यावर दिसत न्हाई, सगळी झाडं सारखी. रक्ताचा पहिला थेंबच घावला न्हाई तर पुढं काय?

म्हणून मला ना .३०० पटती ना ६.५. जवळ जावा. वारा तोंडावर घेऊन, पाय न वाजवता दोनशेच्या आत जावा. जमत न्हाई तर माघारी या.

करवीरचा_नेमबाज

दादा, हे भावाला जसंच्या तसं पाठवलं. एक भर घातली: बार टाकायच्या आधी दुर्बिणीतून त्या जागेची खूण धरायची, मोडकं झाड, पांढरा दगड, काहीतरी, आणि जागा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा.

हिरवी_वाट

इतकं सगळं वाचलं आणि मन विषण्ण झालं. ज्या जिल्ह्यात १९५८ साली राधानगरीचं अभयारण्य झालं, जिथं संस्थानी काळात चित्ते पाळून काळविटांवर सोडले जात आणि आज काळवीट बघायला दूर जावं लागतं, तिथली माणसं तीनशे किलोचं जिवंत जनावर पाडायला किती ग्रेन लागतात याचा काथ्याकूट करताहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुका थांबल्या म्हणून आज दाजीपुरात गवा आहे. तुमच्या भावाला एल्क बघायचंच असेल तर कॅमेरा घेऊन जाऊ दे. अंतराचा प्रश्नच उरणार नाही.

गडहिंग्लज_ते_कॅल्गरी

ताई, दाजीपुरात बंदूक नको, यावर माझं तुमच्याशी एकमत आहे. पण तिकडची घडी वेगळी आहे. कोलोरॅडोत अमेरिकेतले सर्वांत जास्त एल्क आहेत. किती मारायचे, कुठल्या भागात, नर की मादी, हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं. परवान्याच्या पैशावर ते खातं चालतं, आणि १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा करही राज्यांना मुख्यतः वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. मांस रानात टाकून आलं तर शिक्षा होते. माझ्या घरात वर्षभर तेच शिजतं.

हिरवी_वाट

मोजणी आणि कराचा मुद्दा समजला. तरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसानं पाचशे यार्डांवरून प्रयोग करावा याला तुमच्यापैकी कुणाचाच पाठिंबा नाही, एवढं त्या भावाला स्पष्ट शब्दांत कळवा.

सुभेदार_निवृत्त

ताईंशी सहमत. मी पण पाचशेचं समर्थन केलं नव्हतं. मोठी गोळी मागितली ती हाडासाठी, अंतरासाठी नाही. आणि नेमबाज, सरावाचं बोलताय तर .३०० ला मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धूर-वायू बाजूला सोडणारा भाग) लावा, धक्का चांगलाच कमी होतो.

करवीरचा_नेमबाज

मझल ब्रेकनं धक्का कमी होतो, पण आवाज नेम धरणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानावर मागं येतो. रेंजवर कानाला मफ असतात. डोंगरात जनावर अचानक समोर आलं की मफ घालायचं भान कुणाला राहतं? एका बारात कान कायमचा जायचा. ब्रेक लावून मॅग्नम सोपी झाली, हे मला मान्य नाही.

भावाशी काल बोललो. त्याला फिनलंडसारखी परीक्षा घालून दिलीय, जरा कडक करून. बाकावर रायफल टेकवून नाही. तिथं गवत उंच, झोपून नेम धरायला मिळत नाही, म्हणून गुडघ्यावर किंवा बसून, काठीचा आधार घेऊन. गार नळीतून पहिलीच गोळी. चढून आल्यासारखी धाप लागावी म्हणून आधी शंभर पावलं पळायचं. भाकरीएवढं वर्तुळ २०० यार्डांवर, मग ३०० वर. चार वेगवेगळ्या दिवशी चारही पहिल्या गोळ्या आत पाहिजेत. ज्या अंतरावर एक बाहेर गेली ते अंतर त्याच्यासाठी बंद. मित्राची .३०० आणि दुकानातली भाड्याची ६.५, दोन्हींनी ही परीक्षा द्यायला सांगितलंय. माझी पैज ६.५ वर आहे.

सुभेदार_निवृत्त

परीक्षा उत्तम. पण दोनच रायफली कशाला? कॅल्गरीवाल्यांची .३०-०६ पण त्यात धरा, १८० ग्रेन बॉन्डेड. आणि निकाल इथं लिहा, कुठलीही जिंकली तरी.

गडहिंग्लज_ते_कॅल्गरी

परीक्षा ज्या गोळीनं देईल त्याच गोळीनं शिकार, हे पण त्याला सांगा. स्वस्तातल्या काडतुसांनी सराव करून ऐनवेळी महागडी गोळी भरली तर झिरो दोन-तीन इंच सहज हलतो. एकाच लॉटचे चार-पाच डबे आत्ताच घेऊन ठेवायचे. सीझन तोंडावर आला की दुकानं रिकामी होतात.