ऊस न पेटवता तोडायचाय, पाचटाचं (उसाच्या वाळलेल्या पाल्याचं) काय करू?

बांधकरी: पाच फुटी सरी, पाटपाणी, हातानेच तोडणी. पुढे खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडातून फुटणारं पुढचं पीक) ठेवायचाय. तोडणारे म्हणतात पाल्याने अंग कापतं, उरक होत नाही. शिवाय पाचटात खोडवा फुटत नाही, असंही ऐकतो.

कोयतेवाला: उरक हवा तर तयारी आधीपासून. पाचव्या आणि सातव्या महिन्यात खालचा वाळलेला पाला काढून सरीत टाका, हिरव्या पानाला हात नको. तोडताना बुडखा (उसाचं बूड) जमिनीलगत छाटला गेलाच पाहिजे. दोन-तीन इंच वर राहिला तर वजन जातंच, शिवाय वरचे डोळे (कांडीवरच्या कळ्या) फुटतात आणि त्या कोंबांची मुळं मातीत नीट उतरत नाहीत. पेटवलेल्या उसातली साखर झपाट्याने उतरते, वाहतूक लांबली की नुकसान आणखी वाढतं.

खोडवा_पहिला: पाचटाने फूट अडत नाही, पाचट बुडख्यावर पडून राहिलं की अडते. ते ओढून सरीत घ्या, बुडखे उघडे करा, उंच राहिलेले धारदार कोयत्याने छाटा. एकरी साधारण 3-4 टन पाचट निघतं. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. संवर्धक शेणखतात मिसळून वेगळं टाका, युरियात कालवू नका. लगेच पाणी द्या. युरिया वाचवायला जाल तर पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग दोष पाचटाला!

बांधकरी: सरीत पाचट असताना पाणी पुढे जाईल का?

खोडवा_पहिला: पहिल्या पाण्याला तुंबतंच. कुट्टी यंत्र फिरवून आखूड केलं, सरीत तुडवून दाबलं की वाट मिळते. नाहीतर एकाआड एक सरी पाचटाची ठेवा, रिकाम्या सरीतून पाणी. पुढची खतं पाचटावर फेकू नका. पहारीने बुडख्यापासून अर्धा फूट लांब, तितकंच खोल भोक घेऊन, फुटाफुटावर द्या.

काळीभोर: एक अपवाद. निचरा नसलेल्या रानात आणि थंडीतल्या तोडणीला पाचटाखाली माती गार आणि ओली राहते, फूट रेंगाळते. तिथे एकाआड एक सरीच बरी. आणि वाळलेलं पाचट पेट घ्यायला वेळ लागत नाही, रस्त्याकडेची पट्टी पाचट ओढून मोकळी ठेवा.